कुगाव ते कळाशी किती अंतर?

इयत्ता नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात गतीच्या प्रकरणात तुम्ही अंतर आणि विस्थापन या दोन राशी शिकता. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाताना प्रत्यक्ष जेवढा मार्ग तुडवावा लागतो ते अंतर. आणि त्या दोन ठिकाणांना जोडणारी सरळ रेषा म्हणजे विस्थापन. बरेच विद्यार्थी ही व्याख्या पाठ करतात, एक उदाहरण सोडवतात आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतात. आमच्या करमाळा तालुक्यातील मुलांना मात्र ती पाठ करण्याचे कारण नाही. तालुक्याच्या पश्चिम कडेला जाऊन उभे राहिले की हा फरक डोळ्यांसमोर पसरलेला दिसतो.

भीमा नदी ही करमाळा आणि पलीकडचा पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुका यांच्यामधून वाहते. खाली माढा तालुक्यात भीमानगर येथे तिच्यावर उजनी धरण बांधण्यात आले व ते १९८० साली पूर्ण झाले. या धरणाचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे ११७ अब्ज घनफूट आहे. एवढे पाणी साठल्यावर नदीचे पात्र फुगून आजूबाजूच्या शेतांवर, गावांवर पसरले. या पसरलेल्या पाण्याला आमच्याकडे 'फुगवटा' म्हणतात. जेथे पूर्वी उन्हाळ्यात पात्रातून पायी पलीकडे जाता येत असे तेथे आता एखाद्या सरोवरासारखे पाणी असते. अलीकडच्या काठावर करमाळा तालुक्यातील कुगाव, पलीकडच्या काठावर इंदापूर तालुक्यातील कळाशी. मध्ये पाणी. पाण्यावरून गेले तर ही गावे शेजारी आहेत. सडकेने जायचे तर फुगवट्याला मोठा वळसा घालावा लागतो आणि अंतर कित्येक पटींनी वाढते.

२१ मे २०२४ रोजी सायंकाळी कुगावहून कळाशीकडे निघालेली एक प्रवासी बोट वादळी वाऱ्यात सापडून या पाण्यात उलटली. एक जण पोहत काठाला लागला. सहा जणांचा मृत्यू झाला.

रस्ता असताना माणसे होडीत का बसतात? हा प्रश्न भौतिकशास्त्राचा नाही. तो सामाजिक शास्त्राचा आहे. परंतु त्याचे उत्तर शोधताना अंतर, विस्थापन, वेळ आणि वेग यांच्याशिवाय पाऊल पुढे पडत नाही. म्हणूनच माझ्यासारख्या भौतिकशास्त्राच्या अध्यापकाने दुसऱ्याच्या प्रांतात थोडी लुडबूड करण्याचे धाडस केले आहे. हा प्रश्न सोडवण्यासाठी आज जे साधन वापरले जाते त्याला 'भौगोलिक माहिती प्रणाली' असे नाव असून इंग्रजी आद्याक्षरांवरून 'जीआयएस' हे लहान नाव रूढ झाले आहे.

पंपापर्यंतची पावले

या साधनाचा विचार संगणकापेक्षा पुष्कळ जुना आहे. १८५४ सालच्या ऑगस्टअखेरीस लंडनच्या सोहो भागात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ आली. अवघ्या दहा दिवसांत पाचशेहून अधिक माणसे दगावली. त्या काळी बहुतेक डॉक्टरांची समजूत अशी होती की हा रोग दूषित हवेतून पसरतो. जॉन स्नो नावाच्या डॉक्टरांचे मत वेगळे होते. पाण्यातून हा रोग जातो असे ते म्हणत. त्यांनी त्या भागाचा नकाशा घेतला आणि ज्या घरात जेवढे मृत्यू झाले तेवढ्या आडव्या काळ्या रेघा त्या घराच्या जागी काढल्या. रेघांची दाटी ब्रॉड स्ट्रीट या रस्त्यावरील पाण्याच्या पंपाभोवती झालेली दिसली.

ही गोष्ट पुष्कळ पुस्तकांत सापडते. पण तिच्यातील एक बारकावा सहसा कोणी सांगत नाही, आणि मला तोच अधिक महत्त्वाचा वाटतो. त्या भागात इतरही पंप होते. तेव्हा कोणते घर कोणत्या पंपाच्या 'जवळ' मानायचे? स्नो यांनी फूटपट्टी लावून सरळ रेषा मोजल्या नाहीत. गल्लीबोळांतून चालत गेल्यास ब्रॉड स्ट्रीटचा पंप आणि त्याच्या भोवतालचे इतर पंप जेथून सारख्याच अंतरावर पडतील असे बिंदू त्यांनी शोधले व ते जोडून नकाशावर एक सीमारेषा आखली. बहुतेक मृत्यू या रेषेच्या आत होते. माणूस भिंतीतून जात नाही, गल्लीतून जातो, हे त्यांनी लक्षात ठेवले होते.

दुसरे असे की नकाशावरची रेघ जेथे नियमात बसत नव्हती तेथे ते स्वतः चौकशीला गेले. दुसऱ्या पंपाजवळ राहणाऱ्या काही कुटुंबांतही मृत्यू झाले होते. विचारल्यावर कळले की ती मंडळी पाणी ब्रॉड स्ट्रीटवरूनच आणवीत. उलट, पंपाच्या अगदी जवळच्या मद्याच्या कारखान्यातील कामगार वाचले होते. कारखान्याला स्वतःची विहीर होती आणि कामगारांना प्यायला कारखान्यातीलच मद्य मिळत असे! ८ सप्टेंबर रोजी पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला. साथ तोपर्यंत ओसरू लागली होती, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

थरावर थर

स्नो यांनी कागदावर जे केले तेच, पण हजारो घरांसाठी आणि अनेक गोष्टींसाठी एकदम करायचे असेल तर हाताने होत नाही. १९६० नंतरच्या दशकात कॅनडा देशापुढे अशी अडचण उभी राहिली. एवढ्या प्रचंड देशात कोणती जमीन शेतीला, कोणती जंगलाला योग्य याची मोजदाद करायची होती आणि त्यासाठी लागणाऱ्या नकाशांची संख्या माणसांच्या आवाक्याबाहेरची होती. रॉजर टॉमलिन्सन या भूगोलतज्ज्ञाने हे काम संगणकावर करण्याची योजना आखली. 'भौगोलिक माहिती प्रणाली' हे नाव तेथूनच पुढे आले.

तिची कल्पना समजायला सोपी आहे. एक पारदर्शक कागद घ्या. त्यावर फक्त नदी काढा. तेवढ्याच आकाराच्या दुसऱ्या कागदावर फक्त सडका काढा. तिसऱ्यावर गावांच्या शिवा, चौथ्यावर शाळा व दवाखाने. आता हे कागद एकावर एक नीट बसवून उजेडासमोर धरा. कोणत्या गावात दवाखाना नाही आणि सडकही नाही, हे न शोधता दिसेल. या कागदांना 'थर' म्हणतात. संगणकात हे थर कागदाचे नसून आकड्यांचे असतात. दवाखाना हा एक बिंदू. त्याचे अक्षांश व रेखांश लिहिले की झाले. सडक ही बिंदूंची माळ. गावाची शीव ही स्वतःशी येऊन मिळणारी, बंद झालेली माळ.

पण सारे थर एकमेकांवर अचूक बसले पाहिजेत. येथे पहिली मेख आहे. पृथ्वी गोल आणि कागद सपाट! अक्षांशाचा एक अंश कोठेही सुमारे १११ किलोमीटर भरतो. रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावर तेवढाच असला तरी ध्रुवाकडे जाताना आकसत जातो. करमाळा सुमारे १८.४ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे तो १११ गुणिले कोज्या १८.४ अंश, म्हणजे सुमारे १०५ किलोमीटर होतो. हे विसरून दोन्ही अंश सारखे धरले तर पूर्व-पश्चिम अंतरात शंभरामागे पाचांची चूक होईल. त्रिकोणमिती शाळेत कशाला शिकवतात असे विचारणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. ज्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणातून भारताचे नेमके नकाशे तयार झाले त्याचा आरंभ करणारे विल्यम लॅम्बटन हे काम करता करताच १८२३ साली आपल्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे मरण पावले.

आज बिंदूचे स्थान काढायला डोंगरावर दुर्बीण नेऊन बसावे लागत नाही. खिशातील फोन सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरील उपग्रहांचे संदेश ऐकतो. संदेश किती वेळाने पोचला यावरून उपग्रहाचे अंतर निघते, आणि अशा चार उपग्रहांवरून आपले स्थान. प्रकाश एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात ३०० मीटर जातो; तेव्हा घड्याळात तेवढी जरी चूक झाली तरी कुगावचा माणूस पाण्यात दाखवला जाईल. आम्ही एकदा महाविद्यालयाच्या गच्चीवर एकाच खुणेवर पाच फोन ठेवून पाहिले. पाचही फोनांनी वेगवेगळे बिंदू दिले, पण ते काही मीटरांच्या आतच होते. गावाच्या अभ्यासाला एवढी अचूकता पुरेशी आहे.

एका गावाची चार गावे

नकाशाच्या थरांना आता माणसांची माहिती जोडायची. लोकसंख्या, साक्षरता, किती कुटुंबे कोणत्या कामावर जगतात, ही माहिती जनगणनेच्या तक्त्यांत गाववार मिळते. तक्त्यातील गाव आणि नकाशावरील गाव यांची गाठ घातली की प्रत्येक आकडा आपापल्या जागी जाऊन बसतो. वाचायला हे सोपे वाटते. करायला बसा म्हणजे कळेल.

आमच्या तालुक्यात वांगी नंबर १, २, ३ आणि ४ अशी गावे आहेत. केत्तूर दोन, चिखलठाण दोन. बिटरगाव नावाचीही दोन गावे असून ती ओळखू यावीत म्हणून नावापुढे आणखी एक खूण लावतात. धरणाच्या पाण्यामुळे उठलेली वस्ती नव्या जागी वसताना एका नावाची अशी अनेक गावे झाली. मराठीत 'विस्थापन' हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो, एक पुस्तकातला आणि एक हा. आता समजा, एका तक्त्यात 'वांगी १' लिहिले आहे, दुसऱ्यात 'वांगी नं. १' आणि तिसऱ्यात नुसते 'वांगी'. माणूस अंदाजाने ओळखील. संगणकाला अंदाज नसतो. तो तिन्ही वेगळी गावे समजेल, किंवा एकाची माणसे दुसऱ्याच्या शिवेत नेऊन टाकील. म्हणून जनगणनेत प्रत्येक गावाला एक सांकेतिक क्रमांक दिलेला असतो आणि गाठ नावाने न मारता त्या क्रमांकाने मारतात. संशोधनातील निम्म्याहून अधिक वेळ अशा गाठी सोडवण्यात जातो असे म्हटले तर हे काम करणारी मंडळी हसून मान डोलावतील.

पाण्याची कड कोणती?

रस्ता वळसा घालतो तो पाण्यामुळे. तेव्हा पाण्याचाही थर हवा. पण उजनीच्या पाण्याची कड एका जागी कोठे असते? पावसाळ्याअखेर ती शेताच्या बांधाला लागते आणि उन्हाळ्यात इतकी मागे हटते की लोक उघड्या पडलेल्या गाळात पीक घेतात, त्याला गाळपेर म्हणतात. इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे बुडालेले जुने मंदिरही पाणी उतरले की वर येते.

वर्तमानपत्रांत 'उजनी उणे अमुक टक्के' असे वाचून पाणी उणे कसे असू शकेल, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. त्याचा उलगडा असा. ११७ टीएमसीपैकी सुमारे ६३.५ टीएमसी हा 'मृत साठा' धरलेला आहे. त्याच्यावरचा सुमारे ५३.५ टीएमसी 'उपयुक्त साठा'. टक्केवारी या उपयुक्त साठ्याची मोजतात. पाणी मृत साठ्याच्या पातळीला आले की शून्य टक्के, आणि त्याखाली गेले की उणे. २०२४ च्या जूनमध्ये पाणी जवळजवळ उणे ६० टक्क्यांपर्यंत गेले होते. म्हणजे ५३.५ चे ६० टक्के, सुमारे ३२ टीएमसी, मृत साठ्यातूनही कमी झाले होते आणि त्याचे निम्मेच पाणी उरले होते.

अशी सरकती कड कोण आखणार? उपग्रह. सूर्यप्रकाशात डोळ्यांना दिसणाऱ्या तांबड्या रंगाच्या पलीकडे अवरक्त किरण असतात. हिरवी पाने त्यातील तांबड्याजवळचे किरण जोराने परावर्तित करतात; पाणी ते जवळजवळ सारे गिळून टाकते. त्यामुळे या किरणांत काढलेल्या चित्रात शेते उजळ दिसतात आणि फुगवटा काळाभोर. संगणक चित्रातील एकेक चौकट तपासतो. हिरव्या प्रकाशातील उजळपणातून अवरक्त उजळपण वजा करायचे आणि दोहोंच्या बेरजेने भागायचे. उत्तर धन आले तर तेथे बहुधा पाणी आहे. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांच्या चित्रात अशी एक चौकट जमिनीवरच्या १० मीटर गुणिले १० मीटर तुकड्याएवढी असते. दहा हजार चौकटी म्हणजे एक चौरस किलोमीटर पाणी. अमेरिकेचा पहिला लँडसॅट उपग्रह जुलै १९७२ मध्ये, म्हणजे महाराष्ट्रातील त्या मोठ्या दुष्काळाच्या वर्षीच, आकाशात गेला. तेव्हा धरण पुरे व्हायचे होते. भारताचा स्वतःचा पहिला दूरसंवेदन उपग्रह आयआरएस-१ए मार्च १९८८ मध्ये गेला. फुगवट्याची वाढ आणि ओहोटी या चित्रांवरून वर्षावर्षाला मोजता येते.

तीन उत्तरे

आता सडकांचा थर घ्या. संगणकाच्या दृष्टीने सडकांचे जाळे म्हणजे गाठी आणि गाठींना जोडणारे दोरे. प्रत्येक दोऱ्यावर लांबी लिहिलेली. दोन गाठींमधील सर्वांत जवळची वाट शोधण्याची रीत डाइक्स्ट्रा या डच गणितज्ञाने १९५९ साली प्रसिद्ध केली. संगणक आरंभाच्या गाठीपासून सर्वांत जवळची गाठ पक्की करतो, तेथून पुढची, मग त्यापुढची, असे करत इष्ट गावापर्यंत पोचतो.

एक काल्पनिक उदाहरण करून पाहू. आकडे माझ्या मनाचे आहेत, खऱ्या गावांचे नाहीत. 'क' हे अलीकडच्या काठावरचे गाव. पलीकडच्या काठावर 'र' येथे मोठे रुग्णालय. सरळ रेषेत ५ किलोमीटर. सडकेने दोन वाटा आहेत. वरच्या अंगाने क ते ख १२, ख ते पूल १८, पूल ते र २०, एकूण ५०. खालच्या अंगाने क ते ग ९, ग ते धरण ३५, धरण ते र २२, एकूण ६६. संगणक ५० ची वाट निवडील. मोटारसायकल ताशी ३० किलोमीटर वेगाने गेली तर १०० मिनिटे लागतील. पूल नादुरुस्त झाला तर तो दोरा तुटला. वाट ६६ किलोमीटरची झाली, वेळ १३२ मिनिटे. नकाशावर गाव तसूभरही हललेले नाही, पण रुग्णालय ३२ मिनिटे दूर गेले!

हे केवळ कल्पनेतले नाही. करमाळा आणि इंदापूर तालुक्यांना जोडणारा डिकसळजवळचा पूल हा मूळचा ब्रिटिश अमदानीतील रेल्वेचा पूल. उजनीच्या पाण्यामुळे लोहमार्ग दुसरीकडे नेल्यावर तो वाहनांच्या उपयोगी पडू लागला आणि पुढे कमकुवत झाल्यावर त्यावरील जड वाहतूक बंद ठेवावी लागली. अशा एका पुलाचे महत्त्व किती गावांना किती मिनिटांचे आहे, हे जीआयएस एका दुपारी मोजून देऊ शकते.

तर एका प्रश्नाला दोन उत्तरे मिळाली : ५ आणि ५०. यातील चुकीचे कोणते? माझ्या मते दोन्ही. कोणी घाईघाईने रुग्णालयाभोवती १० किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले, आणि अशी वर्तुळे सर्रास काढली जातात, तर 'क' गाव त्याच्या आत येईल आणि अहवालात लिहिले जाईल की या गावाला रुग्णालयाची सोय आहे. दुसऱ्याने सडकेने मोजले तर तो लिहील की हे गाव रुग्णालयापासून फार दूर असल्याने येथील लोक तेथे जात नाहीत. प्रत्यक्षात लोक तेथेच जात असतात. होडीने!

होडीची वाट सडकांच्या थरात नसते. तो थर सडकांवरून केला, तेव्हा तिच्यासाठी त्यात जागाच नव्हती. सामाजिक शास्त्राचा संशोधक येथे उपयोगी पडतो. तो काठावर जाऊन विचारतो : होडी केव्हा सुटते? किती पैसे पडतात? मोटारसायकल चढवू देतात का? आजाऱ्याला कसे नेता? पाणी उतरल्यावर धक्का कोठे सरकतो? वारा सुटला तर काय करता? अंगात घालायची तरंगती जाकिटे असतात का? या उत्तरांवरून आपल्या उदाहरणात तिसरा दोरा काढता येईल. लांबी ५ किलोमीटर. वाट पाहण्यासह वेळ, समजा, ४० मिनिटे. शंभर मिनिटे आणि चाळीस मिनिटे समोरासमोर ठेवा, म्हणजे होडीत बसणाऱ्या माणसाला अविचारी म्हणण्यापूर्वी आपण थोडे थांबू. बाजारहाट, नातीगोती, कॉलेज, दवाखाना हे सारे त्या साठ मिनिटांत अडकलेले असते.

पण त्या दोऱ्यावर वेळ आणि पैसे एवढेच लिहून भागणार नाही. त्यावर धोकाही लिहावा लागेल, आणि तो ऋतूप्रमाणे बदलेल. मे महिन्यातील वळवाच्या वाऱ्यात त्याचा आकडा डिसेंबरच्या सकाळसारखा असणार नाही. असा आकडा कसा ठरवावा यावर तज्ज्ञांत मतभेद होतील, होऊ देत. तो शून्य धरणे हीच सर्वांत मोठी चूक आहे. फुगवट्यावर कुगाव ते शिरसोडी असा पूल शासनाने मंजूर केलेला आहे. पूल कोठे बांधल्याने किती गावांचा किती वेळ वाचेल, आणि कोणती होडी बंद होऊ शकेल, हा हिशेब याच तीन दोऱ्यांचा आहे.

तालुक्याच्या रेषा

गाव कोणाशी बांधलेले आहे, हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. इरावती कर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फलटण हे वाढते गाव व त्याच्या भोवतालचा परिसर यांचा अभ्यास केला. तो १९६५ साली प्रसिद्ध झाला. कोयना धरणामुळे उठलेल्या लोकांची त्यांनी व जाई निंबकर यांनी केलेली पाहणी १९६९ साली प्रसिद्ध झाली. तेव्हा संगणक हाताशी नव्हते. गावोगाव हिंडून, घरोघर विचारून हे काम झाले. तशी विचारपूस आजही टळत नाही. फरक इतकाच की प्रत्येक उत्तराला आता स्थान जोडता येते.

स्थान जोडले नाही तर काय होते पाहा. सरकारी आकडे बहुधा तालुकावार वाचले जातात. करमाळा तालुक्याच्या पश्चिमेस फुगवट्याकाठी ऊस आणि केळी. कंदरची केळी तर परदेशी जातात. त्याच तालुक्यात पाण्यापासून दूर असलेली, पावसाच्या भरवशावर ज्वारी पिकवणारी गावेही आहेत. दोहोंची सरासरी काढली तर जे चित्र मिळते तसे गाव तालुक्यात एकही सापडणार नाही. शीव बदलली की सरासरी बदलते. फुगवट्याच्या दोन्ही काठांची गावे एकत्र घेऊन मोजले तर आणखी वेगळेच चित्र निघेल, कारण त्यांचे जगणे एकाच पाण्यावर चालते. पण ती गावे दोन तालुक्यांत, दोन जिल्ह्यांत वाटली गेल्याने एका तक्त्यात कधी येत नाहीत. टँकर, दवाखाना, बसगाडी कोणत्या गावाला मिळावी हे जेव्हा अशा तक्त्यावरून ठरते तेव्हा शीव कोठे आखली हा कारकुनी प्रश्न राहत नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. घरोघरची माहिती गोळा करून ती बिंदूबिंदूने नकाशावर छापली, तर कोणत्या घरात कर्ज आहे, कोणत्या घरात आजार आहे, हे सारे गाव वाचील. म्हणून संशोधक माहिती घराची घेतात, पण नकाशा वस्तीचा किंवा गावाचा छापतात.

तुम्ही काय करू शकाल?

यासाठी मोठ्या प्रयोगशाळेची गरज नाही. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे 'भुवन' हे २००९ पासून सर्वांना खुले असलेले नकाशांचे दालन आहे, आणि 'क्यूजीआयएस' ही जीआयएसची आज्ञावली विनामूल्य मिळते. पण पहिल्यांदा संगणक बाजूला ठेवा. शिक्षकांनी फळ्यावर तालुक्याचा नकाशा काढावा. जिल्ह्याची शीव आली म्हणून तेथे थांबू नये, पलीकडचीही गावे दाखवावीत. वर्गातील प्रत्येकाने घरी चार गोष्टी विचाराव्यात : आठवड्याचा बाजार कोठे करता, आजारी माणसाला प्रथम कोठे नेता, बहीण-आत्या कोणत्या गावी दिल्या आहेत, आणि तेथे कशाने जाता—एसटीने, वडापने, मोटारसायकलने, की होडीने? प्रत्येक उत्तराची एक रेघ, आपल्या गावापासून त्या गावापर्यंत. बाजाराच्या रेघा एका रंगाने, दवाखान्याच्या दुसऱ्या, नात्यांच्या तिसऱ्या. रेघेवर किलोमीटर लिहू नका, घरून निघाल्यापासून पोचेपर्यंतची मिनिटे लिहा.

मग तालुक्याची शीव किती रेघा ओलांडतात ते मोजा. तुमची शाळा फुगवट्याकाठी असेल तर हाच नकाशा दोनदा करावा लागेल, एकदा दिवाळीनंतर आणि एकदा मे महिन्यात. दोन्ही नकाशांच्या कोपऱ्यात तारीख आणि त्या दिवसाची उजनीची टक्केवारी लिहायला विसरू नका.